चिमीला थंडी वाजू नये म्हणून

ताईच्या शेजारच्या कमलाभाभींचा फोन आला तेव्हा नुकतंच उजाडत होतं. "भैया, दीदी दरवाजा नहीं खोल रही," एवढंच त्या बोलल्या. मागून चिमीचं भुंकणं ऐकू येत होतं. अंबरनाथहून बदलापूरला रिक्षाने जाताना मी स्वतःची समजूत घालत होतो, कुत्री भुंकतेय म्हणजे आत सगळं ठीक असणार... पण ताई झोपेतच गेली होती. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

माझी थोरली बहीण शालनताई अंबरनाथच्या एका शाळेत शिवण शिकवायची. भाऊजी गेले आणि बदलापुरात मांजर्लीच्या तळमजल्यावरच्या घरात ती एकटी उरली. एकटीला भीती वाटते म्हणून तिने पामेरियनची दोन पिल्लं आणली, चिमी आणि बंटी. राखणीला आणलेली ही पिल्लं ओंजळीत मावत होती, त्यामुळे झालं उलटंच. ताईच त्यांच्यासाठी घाबरू लागली. केसाळ जात, हिला कसली थंडी, असं सगळे म्हणायचे. पण नदी जवळ, घरात ओल, हिवाळ्यात लादीवर पाय ठेववत नसे. पहिल्याच थंडीत एका सकाळी बंटी लादीवर ताठ झालेला सापडला. "नुसता थरथरत होता रे, मला वाटलं झोपेल..." ताई पुन्हा पुन्हा तेच सांगायची. मग दिवाळी सरली की तिचा चेहरा उतरायचा, खिडक्यांच्या फटींत ती जुन्या साड्या कोंबायची.

पुढच्या जानेवारीत एका संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो. बेल वाजवली, आतून भुंकणं नाही. पुन्हा वाजवली. शेजारच्या कमलाभाभींकडे किल्ली होती. दार थोडं उघडलं आणि मऊ कशाला तरी अडलं... उंबऱ्याच्या फटीला नाक लावून चिमी पडली होती. आत कोळशाची शेगडी धगधगत होती, खिडक्या सगळ्या बंद, ताई पलंगावर निपचित. भाभींनी साड्या ओढून खिडक्या उघडल्या. मी ताईला अंगणात आणलं. तिची मान माझ्या खांद्यावर लोळत होती. संपलं, असंच वाटलं मला. मग तिला उलटी झाली, डोळे उघडले आणि पहिला शब्द आला, "चिमी?" भाभी ओढणीने चिमीला चोळत होत्या. चिमी शिंकली, तेव्हा त्या रडल्या.

"बंद खोलीत कोळसा पेटवाल तर झोपेतच जाल," डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून ताईला थंडीइतकीच विस्तवाचीही धास्ती बसली. शेगडी तिने देऊन टाकली. चिमीसाठी पाटावर गोणपाट, त्यावर गोधडी, कुशीत टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. जुन्या शालीचा अंगरखा शिवला. खिडकी मात्र थोडी उघडी ठेवायची, आणि मग त्या उघड्या खिडकीचीच काळजी करत बसायची. "वारा येतोय का रे तिच्या अंगावर?"

ताई गेल्यावर तिच्या नावाने पुण्यानुमोदनाची वंदना झाली आणि चिमीला आम्ही घरी आणलं. निघताना भाभींनी ताईची एक सवय सांगितली. जाग आली की चहाच्याही आधी ती चिमीच्या पांघरुणात हात सरकवायची, पोटाला लावून धरायची आणि हलकेच म्हणायची, "आहे." त्या म्हणाल्या, "हम दीवार के उस पार सुनते थे."

आता ती सवय माझ्याकडे आलीय. रोज सकाळी पांघरुणाशी माझा हात थबकतो. आत गार लागलं तर... मग हात आत घालतो. बोटांना ऊब लागते, पोट वरखाली होतं.

"आहे," मी म्हणतो.