कडुनिंबाची जाळी

आमच्या गल्लीतल्या कडुनिंबाच्या खोडात त्याचीच लोखंडी जाळी रुतली आहे. रस्त्यावरची झाडं कशी सांभाळायची ते शिकायला आज आम्ही दहा-बारा जण त्याच्याभोवती उभे होतो. शिकवणाऱ्या सरांनी जाळी कापली, पण दोन पट्ट्या सालीच्या आत गेलेल्या होत्या.

"ओढू नका, साल सोलून निघेल," ते म्हणाले. "जाळी दोन वर्षांपूर्वीच काढायला हवी होती."

"अहो, गाई खातील म्हणून ठेवली!" शेजारच्या मंदाकाकू म्हणाल्या. "दर दिवाळीला रंग देत होते मी तिला."

मी खाली पाहिलं. खोड जाळीला टेकलेलं मला गॅलरीतून रोज दिसत होतं. मराठी माझी मातृभाषा नाही; चारचौघांत बोलताना मी अडखळते, काकू हसतील, म्हणून गप्प राहिले. काकूंची चूक निदान मायेपोटी झाली. माझ्याकडे तेवढंही कारण नाही.

"जगेल का?" मी कसंबसं विचारलं.

"शेंडा वाळलाय, ताई. सांगता येत नाही."

सगळे पुढच्या झाडाकडे गेले. मी खोडावर हात ठेवला. लोखंडावर साल दोन ओठांसारखी घट्ट मिटली होती.