पालखीतले मोठे काका

सतराव्या शतकात कुठलातरी परदेशी उमराव आपल्याकडे फिरायला आलेला, आणि सोबत चित्रं काढायला माणूस घेऊन आलेला! कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मला त्या प्रवासाच्या चित्रांची पीडीएफ मिळाली आणि मी वेडीच झाले. हत्ती, बाजार, खाडीतली गलबतं. एका चित्रात तो उमराव पालखीत लोळलाय, हातात हुक्का. खाली चार भोई, उघडे, माना वाकलेल्या. पुढच्याच्या खांद्यावरचा घट्टासुद्धा काढलेला! मी लगेच फॅमिली ग्रुपवर टाकलं.

मोठ्या काकांना भारी आवडलं. दिवा गावात त्यांचा तीन मजली बंगला, दारात पांढरी गाडी. गाडी चालवतात माझे पप्पा, त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. शेती दोघांची सारखीच होती. पप्पांनी आपला वाटा माझ्या आईच्या आजारपणात विकला, घेतला काकांनीच. आता बंगल्यामागच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही राहतो.

मग काकांचा वाढदिवस आला. नाक्यावर हा एवढा फ्लेक्स! पालखीत उमरावाच्या धडावर काकांचं तोंड, गॉगलसकट. आणि पुढच्या भोयाला पप्पांचं.

"कोणी केलं हे?" मी काकांच्या मुलाला विचारलं.

"मीच. मस्त बसलाय ना तुझ्या पप्पांचा फोटो?"

"काढ आत्ताच्या आत्ता."

"अगं जोक आहे! चिल मार ना."

तेवढ्यात पप्पा गाडी लावून आले. वर बघितलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. मला वाटलं, आता बोलतील. एकदा तरी बोलतील.

काका म्हणाले, "काय रे, जड तर नाय ना मी?"

सगळे फुटले. पप्पा पण हसले. "नाय दादा," म्हणाले, आणि केक कापायला सुरी आणून दिली.

पावसाळ्याच्या तोंडावर काकांनी तोच फ्लेक्स आमच्याकडे पाठवला. आमचा पत्रा गळतो ते त्यांना माहितीय. पप्पा वर चढले तसे काका गच्चीवरून ओरडले, "चित्र वरच्या बाजूला ठेव हां! इथून दिसलं पाहिजे."

पप्पांनी चित्र वर ठेवलं. उडू नये म्हणून मी खालून विटा देत होते. चारी कोपरे झाले. एक मधे ठेवायची होती.

"काकांच्या तोंडावर ठेव ना, पप्पा," मी हळूच म्हटलं.

"येडी का तू? त्याला दिसेल."

आणि ती वीट त्यांनी स्वतःच्या तोंडावर ठेवली. हलते का ते दाबून बघितलं आणि खाली उतरले.