खोडरबराचा चुरा

झेरॉक्सच्या काचेवर खोडरबराचा चुरा पडलाय. फुंकर मारली की उडेल, पण मारवत नाही.

गल्लीतल्या देसाईवहिनी जुन्या कॉम्प्युटरचं पुस्तक स्कॅन करायला देऊन गेल्या होत्या. देसाई असली जुनी मशिनं दुरुस्त करायचे, मागच्या वर्षी गेले. वहिनी म्हणाल्या, "नेटवर टाकते दादा, कुणाच्या तरी कामी येईल."

मी चौथी नापास, इंग्रजी म्हणजे मला मुंग्यांची रांग. पानापानावर पेन्सिलीची गिचमिड दिसली. म्हटलं, पोराटोरांनी घाण केलीय, साफ करून देऊ. तीन दिवस बसून सगळी पुसली आणि मग स्कॅन केलं.

आज वहिनींनी एक पान उजेडात तिरकं धरलं, त्यावरून बोट फिरवलं. "छापलेलं नेटवर आधीच आहे हो. पुस्तकात कुठं कुठं चुकलंय, ते ह्यांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं. तेवढंच टाकायचं होतं."

छापलेलं कसंही टिकतं. हातानं लिहिलेलं टिकायचं, तर ते आळशी माणसाच्या हातात पडावं लागतं. बायको मला जन्मभर आळशी म्हणत आलीय. मन लावून केलेलं हे माझं पहिलंच काम.