आईची पर्स आणि माझी सही

गेल्या मंगळवारी लेस्टरला एका वकीलबाईंच्या ऑफिसात बसले होते. बाहेर पाऊस नव्हता, ऊन नव्हतं, नेहमीचं राखाडी काहीतरी होतं... आणि आयुष्यात पहिल्यांदा मी घराबाहेरच्या कुणाला तरी सांगत होते की माझ्या नावावर चोरीचं रेकॉर्ड आहे.

आता तुम्हालाही सांगते. तीन वर्षं लपवून काही बरं झालं नाही.

आई तेव्हा सांगलीहून आमच्याकडे नॉटिंगहॅमला आली होती. परत जायला आठ दिवस राहिले होते, म्हणून नातेवाइकांसाठी खरेदी चालली होती. मामींना, वहिनीला, शेजारच्या काकूंना द्यायला आईने सुपरमार्केटमध्ये तीन फेस क्रीम निवडली... चांगली महागाची, छोट्या डब्यांतली.

ट्रॉलीच्या जाळीतून डब्या खाली पडतील म्हणून तिने त्या पर्समध्ये ठेवल्या. आमच्या घरात किमती वस्तू पर्समध्येच जाते, मग ती कुणाचीही असो. पुढे तिचे गुडघे दुखायला लागले, म्हणून मी पर्स माझ्या खांद्याला लावली आणि तिला दाराजवळच्या बाकावर बसवलं. डब्या पर्समध्ये आहेत हे तिच्या लक्षात राहिलं नाही आणि मला तर माहीतच नव्हतं.

बिल करून बाहेर पडताना सिक्युरिटीने थांबवलं. पर्स उघडली... आणि आत त्या तीन डब्या.

पर्स कुणाची, असं विचारल्यावर मी "माझी" म्हणाले. डब्या कुणी ठेवल्या? "मीच." डोक्यात एकच होतं, आईला पोलीस स्टेशन दाखवायचं नाही. सत्तरीची बाई, डायबेटिस... आणि एकदा नाव लागलं की परत व्हिसा मिळेल का? नवऱ्याला, समीरला फोन केला आणि आईला घरी न्यायला सांगितलं. तिला सांगितलं, बिलाचा घोळ झालाय, येतेच मी.

पोलीस स्टेशनवर विचारलं, "सॉलिसिटर हवा आहे का? फ्री असतो." मी मान हलवली, नको. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे ऐकतच मोठी झाले ना मी! वकील मागितला की प्रकरण वाढतं, असं वाटलं. गुन्हा कबूल करून सही केलीत तर कॉशन, म्हणजे लेखी ताकीद देऊन आज घरी सोडू, म्हणाले. केली सही. कोर्ट नाही, शिक्षा नाही... वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

खोकला कसला जातोय! यंदा आमच्या भागातल्या एका प्रायमरी स्कूलमध्ये टीचिंग असिस्टंटची नोकरी मिळाली. मुलांशी काम म्हणून डीबीएस चेक, म्हणजे पोलीस रेकॉर्डची तपासणी. तो कागद आला आणि त्यावर माझ्या नावापुढे चोरी. हेडटीचर खूप प्रेमाने बोलल्या, एवढ्या प्रेमाने की मला तिथेच कळलं. ऑफर सध्या थांबवली आहे.

तर, वकीलबाई. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "रेकॉर्ड काढून टाकायचा अर्ज तुम्ही स्वतःही करू शकता, फुकट. मी केला तरी खात्री देणार नाही. पण घडलं ते खरं लिहावं लागेल. पर्स कुणाची, डब्या कुणी ठेवल्या. तुम्ही पोलिसांना खोटं सांगितलंत, तेही त्यात येणार. म्हणून म्हणते, एकटीने लिहू नका. आणि आईचं लेखी स्टेटमेंट लागेल."

मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "विसरणं म्हणजे चोरी नव्हे. त्या दिवशी सॉलिसिटर मागितला असता तर त्याने पाच मिनिटांत हेच सांगितलं असतं."

पाच मिनिटं... घरी येताना कारमध्ये रडले. स्वतःचा भयंकर राग आला.

वकील करायचा की नाही, यावर समीरशी दोन दिवस वाद झाला. त्याचं म्हणणं, लगेच कर. मला फीची काळजी नव्हती. आईला काय सांगू? तिला यातलं काही माहीत नाही... पोलिसांच्या कागदावर तिचं नाव मी माझ्या हाताने कसं घालू?

शेवटी शनिवारी व्हिडिओ कॉल केला. आडून आडून सुरुवात केली, "आई, तुला तो पर्सचा दिवस आठवतो का गं?"

तिने चष्मा काढून ठेवला. मग म्हणाली, "पर्स परत आली तेव्हा त्यात माझा चष्मा होता, गोळ्या होत्या. डब्या नव्हत्या. तुझे डोळे सुजले होते. मला काय कळत नाही होय?"

"मग विचारलं का नाहीस?"

"तू सांगत नव्हतीस. मग मी कोणत्या तोंडाने विचारू?"

तीन वर्षं मी तिला ये ये म्हणत होते आणि ती गुडघ्यांचं कारण सांगत होती. गुडघ्यांचं काही नव्हतं. "माझ्या पायगुणाने परत तुला काही व्हायला नको," म्हणाली. ज्या व्हिसासाठी मी सही केली, तो तिने पुन्हा मागितलाच नाही.

मग एकदम तिच्या जुन्या आवाजात म्हणाली, "वकील कर. माझं नाव घाल. मी लिहून देते."

केला वकील. काय होईल माहीत नाही, महिनोन् महिने लागतील म्हणतात. नोकरी तोवर बहुतेक गेलेलीच असेल.

काल आईचा कागद व्हॉट्सअ‍ॅपवर आला, तिच्या सुरेख वळणदार अक्षरात. "मी लिहून देते की, डब्या मी ठेवल्या व सांगायचे विसरले." खाली सही. आणि सहीच्याही खाली, कुणी न मागितलेली एक ओळ... "माझ्या मुलीने लहानपणी कुणाची पेन्सिलसुद्धा न विचारता घेतली नाही."

वकीलबाईंना याचं इंग्लिश करून द्यायचंय. कालपासून तीनदा बसले... बाकी सगळं झालं. तेवढी एक ओळ राहिली आहे.