पक्क्या रंगातलं गाव

आमच्या विमानतळावर विमानं कमी आणि फलक मोठा. आतल्या हॉलमधल्या त्या फलकावर इथून विमान कुठं कुठं जातं ती नावं. ती लिहायला आमच्या गल्लीतला पेंटर. त्याच्याकडे गावं दोन प्रकारची असत. विमान खरोखर उडायला लागलं की ऑइल पेंट. नुसती घोषणा झाली असेल, साहेबलोक फीत कापून, फोटो काढून गेले असतील, तर डिंकात कालवलेला कच्चा रंग. पुढं विमान काही येत नसे. मग ओलं फडकं फिरवलं की गाव गायब.

"ते लोकांच्या तोंडाला पानं पुसतात, मी फलकाला फडकं पुसतो," म्हणायचा आणि स्वतःच खदखदायचा.

मग एकदा त्याच्या बायकोच्या माहेरच्या शहराची घोषणा झाली.

बाई शिवणकाम करणारी. मशीनवर वाकून वाकून कण्यातली चकती सरकलेली, डॉक्टरनं बसचा प्रवास बंद केलेला. आणि तिकडं आई अंथरुणाला खिळलेली. भावाचे फोन यायचे, "ताई, आई सारखी तुझं नाव घेतेय. ये गं एकदा."

"अहो, मागच्या सीटवर आडवी पडून जाईन मी," बाई म्हणाली. पिशवीही भरली.

"वेड लागलंय का? कण्याचा भुगा होईल. जरा कळ काढ. विमान सुरू होतंय, तासाभरात आईच्या उशाशी असशील."

"घोषणेच्या जिभेला हाड नसतं, असं तुम्हीच म्हणता ना?"

"हे खरं आहे. ऑइल पेंटमध्ये लिहून आलोय मी."

बाईनं पिशवी रिकामी केली.

तसं लिहायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. उलट विमानतळाचा मॅनेजर म्हणाला होता, "नेहमीसारखंच लिहा हं." पण सासरवाडीचं नाव कच्च्यात लिहायला त्याचा हात धजेना. पक्क्यात लिहिलं, दोन पावलं मागं सरून पाहिलं, आणि स्वतःच्याच अक्षरावर त्याचा विश्वास बसला. इतकी वर्षं ज्या थापेला तो हसत आला, ती आता त्यानं स्वतःच्या हातानं घरी आणली.

तारीख पुढं गेली. हवा खराब म्हणे. मग विमानच मिळेना. मग तारीख विचारली की मॅनेजर चहा मागवायचा. बाई भावाला सांगत राहिली, "विमानानं येतेय रे, आईला सांग."

भावानं सांगितलं. आणि एके सकाळी त्याचाच फोन आला, आई गेली.

बाई बसनं गेली. त्याच बसनं, मागच्या सीटवर आडवी पडून. पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. कण्याला मात्र काहीच झालं नाही.

"आई खाट खिडकीशी ओढून घ्यायला लावायची," भाऊ म्हणाला. "वर आभाळात जरा घरघर झाली की विचारायची, ताई आली का रे?"

परत आल्यावर बाई मशीनवर बसली.

यथावकाश मॅनेजरनं पेंटरला बोलावलं. "ते रद्द झालं. पुसून टाका."

फडक्यानं ढिम्म हलेना. त्यानं टर्पेंटाइन लावलं, मग पात्यानं खरवडलं. रंग निघाला, पण पत्र्यावर ओरखडे उठले आणि त्या ओरखड्यांत नाव सरळ वाचता येत होतं.

"नेहमीसारखं लिहायला काय धाड भरली होती?" मॅनेजर खेकसला. पेंटरनं पातं पुसलं.

घरी हात धुतले तरी वास जाईना. बाईनं मशीन थांबवलं.

"काय पुसलंत?"

"ते... तुझ्या माहेरचं नाव."

"निघालं?"

"नाही गं. दिसतंय अजून."

"बरं झालं," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. "जाता-येता वाचत चला."