जिनाप्पाच्या फडक्याच्या पट्ट्या

प्रकाशची मोटारसायकल भलत्या वेळी वाजली आणि माझ्या हातातला चहा लुंगीवर सांडला. माझा मुलगा फौंड्रीत भट्टीवर काम करतो. तो सकाळी जातो आणि दिवे लागायच्या सुमाराला पिरनवाडीला घरी येतो. त्या दिवशी ऊन डोक्यावर होतं. भट्टीवरचा माणूस अवेळी घरी आला, की घरातल्यांच्या मनात एकच गोष्ट येते… ती मी तोंडाने बोलत नाही. तो दारात उभा राहिला तेव्हा मी आधी त्याचे हात बघितले, मग तोंड बघितलं. सगळं जागेवर होतं.

“आप्पा, जिनाप्पाकाका गेले. सदलग्यास्नं फोन आलता. काल सुट्टीला घरी गेलते, रातच्याला जेवून पडले, ते उठलेच न्हाईत.”

असं ऐकल्यावर माणूस ‘अरे देवा’ म्हणतो, डोळे पुसतो. माझ्या तोंडातून भलतंच निघालं. मी विचारलं, “मग आज भंगार कोण बघतंय?”

प्रकाशला ते आवडलं नाही. “तुमचा दोस्त गेलाय, आन् तुम्ही भंगाराचं काय काढलाय?” पण मी बरोबरच विचारलं होतं. जिनाप्पा म्हणजे कोण होता, हे त्या एका प्रश्नात आहे. त्याला जाऊन आता काही आठवडे झाले, मला अजून त्याचं नीट उत्तर मिळालेलं नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढे उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत भट्टीवर लागलो आणि तिथेच म्हातारा झालो. माझ्यासारखा भट्टीवाला बेळगावात झाला नाही, हे मी कोणालाही तोंडावर सांगेन. लोखंडाचा रस तयार झाला की नाही, हे मी रंगावरून सांगायचो. जिनाप्पा माझ्यानंतर आला. सदलग्याकडचा जैन, किरकोळ अंगाचा, मराठी बोलता बोलता कानडीत शिरणारा. त्याला भंगाराच्या ढिगावर घातलं. गावोगावचं मोडकं लोखंड ट्रकने यायचं, ते निवडून भट्टीकडे पाठवायचं, एवढं त्याचं काम. त्या कामाला आमच्यात काही मान नव्हता.

पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने खिशातून पांढरं फडकं काढलं, तांब्याच्या तोंडाला बांधलं आणि नळाचं पाणी त्यातून गाळून घेतलं. जैनांच्या घरी पाणी असंच गाळून पितात, हे मला ठाऊक होतं. पण कारखान्यात कोण करतं तसं? मी म्हटलं, “काय रं जिनाप्पा, मासं धरतोस काय नळातनं?” सगळे हसले. तो पण हसला. म्हणाला, “नारबा, मासं दिसत्यात की. जे दिसत न्हाय त्याच्यासाठी फडकं.”

तेच फडकं पुढे भंगारात आलं. गाळून गाळून विरलं की तो त्याच्या लांब पट्ट्या फाडायचा आणि कमरेला खोवून ढिगावर चढायचा. एकेक तुकडा उचलायचा, उलटा करायचा, हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा. तेलाच्या चिंध्या एका पिपात, रंगाचे आणि औषधाचे डबे दुसऱ्या पिपात, उघडं कोरडं लोखंड भट्टीकडे. आणि जे दोन्ही बाजूंनी बंद आहे, ज्याच्या पोटात काय आहे ते कळत नाही… गाडीचा जुना शॉकअप, तोंड ठोकून मिटवलेला पाईप, गॅसची लहान टाकी… त्याला पट्टी बांधून बाजूला. पट्टी बांधलेलं भट्टीत जायचं नाही. मालक आला तरी नाही.

ज्यांनी भट्टी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बंद वस्तूच्या पोटात चुळभर पाणी असलं आणि ती रसात पडली, तर पाण्याची वाफ होते, वाफेला वाट मिळत नाही, मग ती फुटते. फुटताना रस घेऊन वर येते. वर कोण उभं असतं? भट्टीवाला. म्हणजे मी उभा असायचो.

तरी मी त्याच्याशी भांडलो. एकदा मालाची घाई होती, भट्टी तापून तयार होती आणि हा एक जाड पाईप पायाखाली धरून बसला. पाईपला पट्टी बांधलेली.

“सोड की रं. लोखंडच हाय ते.”

“आत काय हाय?”

“मला काय ठावं?”

“मला बी ठावं न्हाय. म्हणून बांधलंय.”

“भित्र्या, भट्टीवर मी हुबा ऱ्हाणार हाय. तुझं काय जातंय?”

“ब्याड म्हणजे ब्याड,” तो कानडीत म्हणाला, म्हणजे नको म्हणजे नको. तो कानडीत गेला की पुढे बोलण्यात अर्थ नसायचा. त्याने हाताच्या करवतीने पाईप कापायला घेतला, थांबत थांबत, मध्ये पाणी शिंपडत. आम्ही सगळे उभे. अखेर तुकडा पडला. आत काय निघालं? मूठभर गंज. कोरडा ठणठणीत. पोरं खदाखदा हसली. जिनाप्पाने पट्टी सोडली, घडी करून खिशात घातली आणि पाईप माझ्याकडे ढकलला. “आता ठावं झालं. घाल आता.”

मी आजही म्हणतो, त्या पाईपासाठी भट्टी खोळंबवायचं कारण नव्हतं. पण हेही सांगतो, त्या माणसाच्या काळात आमची भट्टी एकदाही उडाली नाही. त्याने किती वेळा मला वाचवलं, हे मला कळायला मार्गच नाही. जे घडलं नाही ते कसं मोजायचं?

शेजारची एक भट्टी मात्र उडाली. आम्ही चहा पीत होतो. आधी आवाज आला नाही, आधी पायाखालची जमीन हलली, मग पत्र्यावर खडे पडावेत तसं वाजत राहिलं. आम्ही पळालो. काय बघितलं ते मी लिहिणार नाही. परत आलो तर जिनाप्पा ढिगाशेजारी जमिनीवर बसलेला, दोन्ही हातांत हातोडी धरून. ओठ पांढरे पडलेले.

“तू आला न्हाईस?” मी विचारलं.

“मी बघितलंय ह्ये,” तो म्हणाला. “निपाणीकडं असताना. माझ्यासंगट जेवायला बसायचा त्यो माणूस होता. नारबा, कुणाचीबी चूक न्हवती. ट्रक उतरवणाऱ्याला वाटलं, निवडणारा बघंल. निवडणाऱ्याला वाटलं, उतरवणाऱ्यानं बघितलं असंल. भट्टीवाल्याला वाटलं, दोघांनीबी बघितलंय. कुणीच बघितलं न्हवतं.”

एवढंच. परत त्याने तो विषय काढला नाही, मी पण नाही. पण त्या दिवसापासून पट्टी बांधलेल्या वस्तूला मी पाय लावला नाही. आणि मला त्याचा राग यायचा तो वेगळाच… आपली भीती त्याने मला दिली होती. मी घरी चटणीचा डबासुद्धा उघडायच्या आधी हलवून बघायला लागलो.

मी निवृत्त झालो, तो कामावर राहिला. माझ्या जागी प्रकाश लागला तेव्हा मी जिनाप्पाला म्हटलं, “पोरगं तुझ्या हवाली.” तो म्हणाला, “तुझं असू दे न्हायतर कुणाचं असू दे, वर हुबा ऱ्हाणारा माणूसच की.” अलीकडे कारखान्यात सुधारणा झाली. शिकलेली एक मुलगी सुपरवायझर म्हणून आली. तिने रंगीत पिपं मांडली, कानडीत पाट्या लावल्या, कुठल्या पिपात काय टाकायचं ते प्रत्येकाला समोर उभं राहून दाखवलं. पोरगी चांगली आहे, कामाची आहे. जिनाप्पा तिचं कौतुक करायचा. पण पट्ट्या त्याने सोडल्या नाहीत. तिला म्हणाला होता, “बाई, रंग ठावं असलेल्या मालाला. ज्याचं काय ठावं न्हाय त्याला कुठला रंग लावशील?” तीही म्हणाली, “बांधा काका, बांधत ऱ्हावा.”

सदलग्याला मी त्याच्या दिवसांना गेलो होतो. घराच्या मागच्या सोप्यात पाण्याचा हंडा आणि त्याच्यावर वाळत घातलेलं गाळायचं फडकं. पद्माआक्का, त्याची बायको, म्हणाली, “अण्णा, ह्ये बी आता इरायला आलतं. पुढच्या महिन्यात फाडतो म्हणालते.” ते तिने माझ्या हातात दिलं. उजेडात धरलं तर पलीकडचं अंगण दिसत होतं.

घरी आणलं, पण फाडवेना. मग मी माझं चांगलं धोतर काढलं आणि त्याच्या पट्ट्या फाडल्या. सकाळी प्रकाशच्या डब्याच्या पिशवीत घातल्या.

“आप्पा, लोक हसत्यात. तिथं पाट्या हायत आता. नवीन माणूस घेतलाय.”

“त्यो ठोकून बघतोय काय?”

“बघत असंल की कुणीतरी.”

‘कुणीतरी’ म्हटलं आणि मी पिशवी त्याच्या हातात दिली. “पिशवीत ऱ्हाऊ देत,” मी म्हटलं. बाप हट्टी आहे हे त्याला ठाऊक आहे. तो घेऊन गेला.

संध्याकाळी डबा घासायला काढताना मी पिशवी बघितली. पट्ट्या जशाच्या तशा, घडीसुद्धा मोडलेली नाही. दुसऱ्या दिवशी तसंच. नंतरही तसंच. आता याचा अर्थ काय घ्यायचा? ढिगात बंद तोंडाचं काही आलंच नाही, की कोणी बघितलंच नाही? दोन्हीला घडी सारखीच. दुपारभर मी उद्यमबागेकडे कान लावून ओट्यावर बसायचो. ट्रकचं फाळकं पडलं तरी उठून उभा राहायचो. सून म्हणायची, “मामा, आत येऊन बसा.” आत बसलं तर आवाज कसा येणार?

मग एका संध्याकाळी प्रकाश आला, पिशवी खुंटीला लावली आणि हात धुवायला गेला. बराच वेळ धूत होता. त्याच्या नखांत गंज होता, भट्टीवरच्या माणसाच्या नखांत नसतो तसला, ढिगातला. मी पिशवीत हात घातला. डबा, चमचा, चुरगळलेला कागद. पट्टी एकही नाही.

तो जेवायला बसला, भाकरी मोडली, ताटाकडे बघतच म्हणाला, “आप्पा, उद्या जरा जास्त फाडा.”

मी दुसरं धोतर काढलं. पट्टी सरळ फाटत नव्हती. आजही नाही फाटत. भीती गेलेली नाही, उलट वाढली आहे, कारण एवढ्या पट्ट्या लागतात म्हणजे ढिगात काय काय येत असेल… पण आता ती माझ्या एकट्याची नाही. सदलग्याचं ते विरलेलं फडकं आमच्या पाण्याच्या कळशीवर बांधलेलं आहे. नळाचं पाणी मीही त्यातूनच गाळतो.