पाण्याला मराठी येतं

पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी पहिल्यांदा गुहेत शिरले, तेही पोटावर सरपटत. माझ्या मैत्रिणी गुडघ्यांना तेल चोळत होत्या, तेव्हा मी गुडघ्यांना रबरी टोप्या बांधून आयर्लंडच्या पोटात घुसत होते. नवरा म्हणाला, "तुला दुसरा छंद नाही मिळाला? विणकाम वगैरे?"

"विणकामात चिखल कुठे असतो?" मी म्हटलं.

यामागे होते गुरुजी. भूगोल शिकवून निवृत्त झालेला एक उंच, वाकलेला आयरिश माणूस. डब्लिनजवळच्या ल्यूकनमध्ये, आमच्या घराजवळ, त्यांनी गुहांवर एक भाषण दिलं आणि मी बिस्किटांच्या आशेने तिथे गेले होते. भाषणाच्या शेवटी त्यांनी आल्प्समधल्या एका विवराचा फोटो दाखवला. तोंडाशी जुना बर्फ, मधोमध दोर आणि खाली नुसता काळोख. "यात दगड टाकला की आपण वाट बघतो," ते म्हणाले, "आणि बघतच राहतो." मी बिस्किटं विसरले. दर उन्हाळ्यात ते आपला गट घेऊन ऑस्ट्रियातल्या डोंगरांत जायचे, नव्या गुहा शोधायचे, मोजायचे आणि नकाशा करून परतायचे. मी नाव दिलं. त्यांना मी गुरुजी म्हणू लागले. त्यांना वाटलं ही पदवी आहे, आणि त्यांनी ती हसतमुखाने स्वीकारली.

२०२०च्या उन्हाळ्यात आम्ही निघणार होतो. निघालं कोण? सगळं जग घरात बसलं. पण दोरावर चढायचा सराव तर हवाच. शेजाऱ्यांच्या झाडाची एक जाड फांदी आमच्या बागेवर आली होती. रीतसर परवानगी काढून मी तिला दोर बांधला आणि सगळा साज अंगावर चढवून वर-खाली करू लागले. आत स्वयंपाकघरातल्या टेबलावर नवऱ्याची ऑफिसची मीटिंग. त्याच्या मागच्या खिडकीतून आधी माझं हेल्मेट वर जायचं, मग मी, मग माझे बूट. थोड्या वेळाने तेच उलट्या क्रमाने. त्याच्या मॅनेजरने शेवटी विचारलंच, "तुमच्याकडे खिडक्या पुसायला रोज येतात का?"

शेजारीणबाई कुंपणावरून म्हणायच्या, "यू ग्रँड अप देअर, लव्ह?"

"ग्रँड!" म्हणजे मजेत, असं मी लटकत ओरडायचे. माझी लेक, जी मराठी समजते पण बोलायची वेळ आली की डब्लिनची होते, ती पडदा ओढून घ्यायची. "मॅम, यू आर मेंटल." मॅम म्हणजे डब्लिनची आई.

त्या वर्षी ऑस्ट्रिया रद्द झालं. पुढच्या वर्षीही झालं. दुसऱ्यांदा रद्द झाल्याचं कळवायला गुरुजींनी फोन केला तेव्हा त्यांचा आवाज भूगोलाच्या तासासारखा सपाट होता. शरद ऋतूत त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यानंतर दोर बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे आल्प्स संपले. "पण जिल्ह्याबाहेर जायला आता मोकळीक आहे," ते म्हणाले, "आणि लीट्रिमच्या डोंगरात माझं एक काम राहिलंय."

ते काम गुरुजींच्या गुहावाल्यांच्या क्लबमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे त्यावर हसत. त्या डोंगरात दोन गुहा आहेत, एक वरच्या कुरणात, एक खाली ओढ्याजवळ. दोन्ही आत जाऊन कोसळलेल्या दगडांच्या ढिगाशी थांबतात. गुरुजी तरुण असल्यापासून म्हणत आले होते की या दोन नाहीत, एकच आहे. कुणी मानायचं नाही. गुडघ्याने घरी बसवायच्या आधी त्यांना नकाशावर त्या दोन गुहा जोडलेल्या बघायच्या होत्या. एवढंच. म्हातारपणी कुणाला घर हवं असतं, कुणाला नातवंडं. गुरुजींना एक रेघ हवी होती.

आता सगळ्यात अचंब्याची गोष्ट. नवरा म्हणाला, "मी पण येतो." दीड वर्ष घरात बसून तो चहाच्या किटलीशी वाद घालायला लागला होता, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं. आणि जो माणूस आयुष्यात कधी मळलेल्या बुटांनी घरात आला नाही, तो गुहेत रमला! कारण तिथे मोजणी होती. एकाने पुढच्या ठरलेल्या जागी दिवा धरून बसायचं, दुसऱ्याने मागून एक छोटं यंत्र त्यावर रोखायचं. यंत्र अंतर, दिशा आणि चढ-उतार सांगतं. तिसऱ्याने ते ऐकून चित्र काढायचं. मग सगळ्यांनी पुढे सरकायचं. आमच्या घरात फर्निचर कुठे ठेवायचं यावर दोन वर्षं एकमत झालं नव्हतं. इथे मात्र आमचे सूर असे जुळले की विचारू नका. फक्त आकडे इंग्रजीत सांगायचे हा नियम मी केला, कारण ओल्या काळोखात त्याचं "त्रेसष्ट" मला "छत्तीस" ऐकू यायचं आणि बोगदा तिरपा होऊन डोंगराबाहेर पडायचा.

उन्हाळाभर शनिवारी-रविवारी आम्ही जात राहिलो. चौथी होती मेनूथच्या विद्यापीठात संशोधन करणारी एक मुलगी. हुशार, कमी बोलणारी, खिशात कायम चॉकलेट. नकाशा वाढत गेला तशी दोन्ही गुहांची शेपटं एकमेकींकडे सरकू लागली. शेवटी मुलीने कॉम्प्युटरवर दोन्ही एकत्र मांडल्या, तर मधे दहा-बारा पावलांचा दगडांचा ढीग, बस. गुरुजी पडद्याला नाक लावून बसले.

"पण जवळ असणं म्हणजे जोडलेलं असणं नाही," मुलगी म्हणाली.

"नाही," गुरुजींनी कबूल केलं. "शेजारी सगळेच असतात."

ढिगातून माणूस जाणं अशक्य होतं. पण आवाज गेला तर? इकडचा आवाज तिकडे पोचला की क्लब नकाशावर ठिपक्यांची रेघ मान्य करतो. अडचण एकच, पाणी. वाहत्या पाण्याजवळ काळोखात बसलात की पाणी बोलतं. सगळ्या गुहावाल्यांना हा अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी क्लबच्या दोघांनी हा प्रयोग केला होता. एकाला "हॅलो" ऐकू आलं, दुसऱ्याला स्वतःची आजी. हातोडी ठोकून पाहिली, तर थेंबही ठोकतात. शिट्टी वाजवली, तर फटीतला वाराही शिट्टी वाजवतो. त्यामुळे गुरुजींनी नियम केला होता: पाण्याला येणार नाही असं काहीतरी ओरडायचं, आणि ऐकणाऱ्याला आधी कळता कामा नये.

"मराठी!" मी म्हटलं. टाळीच वाजवली. "लीट्रिमच्या पाण्याला मराठी कुठून येणार?"

झालं. गाडीत मास्क लावून मी गुरुजींची शिकवणी घेतली. चार वाक्यं: "चहा झाला का?", "दार उघड", "पाऊस आला", "कोण आहे रे?" यातलं एक ते निवडणार, अर्थ तेवढा मुलीच्या कानात सांगून तिला वरच्या गुहेच्या तोंडाशी थांबवणार आणि एकटेच आत टोकाला जाऊन ओरडणार. आम्ही नवरा-बायको खालच्या गुहेच्या टोकाला बसून ऐकणार. शिकवणीत गुरुजी विद्यार्थी म्हणून साफ कच्चे निघाले. "झ" त्यांच्या तोंडात शिरेचना. "अहो, जीभ सैल सोडा," मी म्हणायचे. ते म्हणायचे, "सैलच आहे, तीच तर अडचण आहे."

ठरलेल्या दिवशी आम्ही खाली ढिगाशी पोचलो. दगडांच्या फटीतून पाण्याची एक बारीक धार पडत होती. दिवे विझवले. बसलो. आणि काही क्षणांतच मी कान टवकारले. कारण पाणी स्वच्छ, शुद्ध, पुणेरी मराठीत म्हणालं, "चहा झाला का?" आवाज हुबेहूब माझ्या आत्याचा.

"ऐकलंस?" मी नवऱ्याचा दंड धरला.

"हो. दार उघड."

"दार नाही रे, चहा!"

"दार. आणि 'हे अपडेट आजच पाठव.' माझ्या मॅनेजरचा आवाज."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गुहेत तेवढाच. पाण्याला सगळ्या भाषा येतात! ऐकणाऱ्याला जी येते ती पाण्याला येते. लीट्रिमच्या पाण्याला मराठी येत नव्हतं ते आम्ही येईपर्यंत. आणि वर चारही वाक्यं मीच शिकवलेली, म्हणजे मला ती पाठ. कुठलं खरं, कुठलं पाण्याचं, कसं सांगणार? माझ्या हुशारीने मी गुरुजींचा प्रयोग पुरता बुडवला होता. आम्ही ऐकत राहिलो. पाणी एकदा "पाऊस आला" म्हणालं, एकदा "कोण आहे रे", आणि एकदा तर "पोळ्या किती टाकू".

मग फटीतून, पाण्याच्या पलीकडून, एक जाडा, ताणलेला, लांबलचक आवाज आला:

"चाऽऽहा उघाऽऽड!"

आम्ही दोघं फटीकडे सरकलो.

"काय म्हणाला?" नवरा कुजबुजला.

"तू सांग आधी."

"चहा उघड?"

"चहा उघड!" मी किंचाळले. "अरे, चहा उघड! हे मी शिकवलंच नाही! हे कुणी कुणालाच कधी शिकवलेलं नाही!"

पुन्हा आला आवाज. "चाऽऽहा उघाऽऽड!" पाण्याला आमची आत्या जमत होती, मॅनेजर जमत होता. पण इतकं अचाट मराठी बोलायला डोंगरापलीकडे खरोखर एक आयरिश गुरुजीच असायला हवे होते. हसून हसून आम्ही दोघं बसल्या जागी चिखलात लोळायचेच बाकी राहिलो. नवऱ्याने तोंडाशी हात धरून उलट हाक दिली, "उघडतो, गुरुजी, उघडतो!"

बाहेर आलो तर बारीक पाऊस. थोड्या वेळाने वरच्या कुरणातून दोघं उतरताना दिसली. गुरुजी काठीवर भार टाकत येत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांना आमचं काहीच ऐकू गेलं नव्हतं. त्यांच्या बाजूला मोठी धार पडत होती, हे नंतर समजलं. मी तोंड उघडणार तोच मुलीने हात वर केला. नियम म्हणजे नियम. तिने नवऱ्याला दगडी कुंपणाच्या पलीकडे नेऊन विचारलं, मग मला. दोघांचं उत्तर एक. तिने अर्थ विचारला.

"ओपन द टी," मी अभिमानाने सांगितलं.

तिचा चेहरा उतरला. ती गुरुजींकडे वळली. "ते म्हणतात, 'ओपन द टी' अशा अर्थाचं ऐकू आलं."

गुरुजी एका दगडावर बसले. बराच वेळ बुटाची नाडी सोडवत राहिले. "माझं वाक्य 'इज द टी रेडी' हे होतं," ते म्हणाले. "मुलीला आधीच सांगितलं होतं मी. तुम्ही पाणी ऐकलंत, बाई. ठीक आहे. ते फार गोड बोलतं. मलाही कितीदा फसवलंय त्याने." आणि वर मलाच धीर द्यायला हसले.

त्यांना रेघ किती हवी होती हे आम्हा तिघांना ठाऊक होतं. नुसतं "हो, तेच ऐकलं" म्हटलं असतं तरी कुणी हरकत घेतली नसती. पण हा माणूस उधारीची रेघ घेणाऱ्यांतला नव्हता.

"गुरुजी," मी म्हटलं, "तुम्ही नेमकं काय ओरडलात, एकदा म्हणून दाखवता का? अगदी तसंच."

"आता कशाला?"

"माझ्या शिकवणीचा निकाल लावायचाय."

ते उठले. टोपी नीट केली. वर्गात कविता म्हणायला उभ्या राहिलेल्या मुलासारखे ताठ झाले आणि डोंगराकडे तोंड करून संपूर्ण आत्मविश्वासाने ओरडले:

"चाऽऽहा उघाऽऽड!"

दोन मेंढ्या पळाल्या. मुलगी कुंपणावर कोसळली. नवरा हसत हसत खाली बसला आणि त्याला उठताच येईना.

गुरुजी आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. "काय झालं? अर्थ तोच ना? इज द टी रेडी?"

"गुरुजी," मी हसू आवरत म्हटलं, "हेच. अगदी हेच. आम्ही हेच ऐकलं. दोनदा."

त्यांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते ओरडले नाहीत, नाचले नाहीत. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी गवतावर ठेवली, ती का ठेवली हे त्यांनाही माहीत नसावं, आणि पावसात डोंगराकडे पाठ करून ओढ्याकडे बघत राहिले. मग मुलीकडे हात पुढे केला. "नकाशा."

तिने प्लास्टिकच्या पिशवीतून छापील नकाशा काढला. नवऱ्याने तो दगडावर दोन्ही हातांनी दाबून धरला आणि मी छत्री धरली. गुरुजींनी पेन्सिलीने वरच्या गुहेच्या टोकापासून खालच्या गुहेच्या टोकापर्यंत ठिपके काढायला घेतले. ठिपके आधी डावीकडे गेले, मग उजवीकडे, मग उगाच एक वळसा घेऊन खाली आले.

"सरळ काढा ना," नवरा म्हणाला. अचूकपणाचा त्याला सोस. "जवळची वाट सरळच आहे."

"आत कोण गेलंय बघायला?" गुरुजी मान वर न करता म्हणाले, आणि त्यांनी आणखी एक वळसा घेतला.